प्रार्थनेच्या यादीतलं सातवं नाव

मोझेल ट्रॅमेल एकतीस वर्षं दर शुक्रवारी चर्चचं पत्रक टाइप करत आली होती आणि तेवढ्या काळात तिच्या हातून मोठ्या अशा दोनच चुका झाल्या. पहिल्या वेळी तिने एका जिवंत माणसाला श्रद्धांजली वाहिली. तो पुढे नऊ वर्षं ठणठणीत जगला आणि दर नाताळात तिला त्यावरून चिडवत राहिला. दुसरी चूक तिने या शुक्रवारी केली, आणि ती तिला कळली रविवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी, भर उपासनेत.

पत्रकाच्या पुढच्या पानावर उपासनेचा क्रम असे, मागच्या पानावर प्रार्थनेची यादी. सिडर नॉबच्या मेथडिस्ट मंडळीत प्रवचनाला डुलकी लागली तर कोणी काही म्हणत नसे, पण यादीच्या वेळी सगळे टक्क जागे. कोणाचं पित्ताशय काढायचंय, कोणाचा मुलगा पुन्हा प्यायला लागलाय, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आलेत, सगळं तिथे छापलेलं असायचं. बाहेरच्या माणसाने याला चहाड्या म्हटलं असतं, ही माणसं त्याला काळजी म्हणत, आणि खरं सांगायचं तर ती दोन्ही होती. मोझेलचा नियम एकच. देवाला मोघम काही सांगायचं नाही. आजार कोणता, दवाखाना कुठला, जायचं किती वाजता, गाडी कोण चालवणार, सगळं स्वच्छ लिहायचं. नव्वद प्रती निघायच्या. साठेक बाकांवर, उरलेल्या पोस्टाने म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि घरी अडकलेल्यांना.

त्या रविवारी पाळक ब्रदर रेनफ्रो नेहमीसारखे चष्मा पुसून यादी वाचू लागले. सहा नावं झाली. सातवं होतं युफेमिया साल्गादो. "दोन्ही मूत्रपिंडं निकामी. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा वाजता, आपल्या चर्चच्या व्हॅनने गॅड्सडेनला डाय..." इथे त्यांचा आवाज थांबला. त्यांनी घसा खाकरला आणि एकदम आठव्या नावावर उडी मारली. पण प्रत्येकाच्या हातात कागद होता, आणि वाचता सगळ्यांना येत होतं. पुढे छापलं होतं, चालक हॉइट ट्रॅमेल. तिला बळ मिळावं, आणि तिच्या कागदपत्रांचं संकट टळावं.

हॉइट म्हणजे मोझेलचा नवरा. तो शेजारीच बसला होता आणि पत्रक डोळ्यांजवळ नेऊन आपलंच नाव पुन्हा पुन्हा वाचत होता.

अलाबामाचा नवा कायदा लागू होऊन महिना झाला होता. ज्याच्याकडे या देशात राहण्याचे कागद नाहीत, त्याला कोणी जाणूनबुजून गाडीत बसवलं, तर गाडी जप्त आणि चालवणारा तुरुंगात. टोमॅटोच्या शेतांवरची कुटुंबं गेली सहा वर्षं त्याच व्हॅनमधून चर्चला येत होती. ब्रदर रेनफ्रोंनी बाकीच्या पाळकांबरोबर गव्हर्नरला निषेधाचं पत्र पाठवलं होतं आणि व्यासपीठावरून सांगून टाकलं होतं, की मी चर्चच्या दारात कोणाचे कागद तपासणार नाही आणि व्हॅनच्या दारातही नाही. मग मंडळीची सभा झाली. व्हॅन चालू ठेवावी म्हणणारे एक्केचाळीस हात वर झाले, बंद करावी म्हणणारे एकोणतीस. ते एकोणतीस काही दुष्ट नव्हते. त्यांच्यात पियानो वाजवणारी इनेझ बेटिस होती. तिचं वय एकोणऐंशी, आणि तिचा एकुलता एक मुलगा लेमार शेरीफचा, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाचा, डेप्युटी. ज्या कायद्याचा बिल्ला माझा मुलगा छातीवर लावतो, तो मोडायला मी हात वर कसा करू, असं ती सरळ म्हणाली होती. सभेत शेवटी एवढंच ठरलं, की व्हॅन जाईल, पण गाजावाजा होणार नाही.

आणि मोझेलने तो गाजावाजा छापून पोस्टाने पाठवला होता.

तिला याची आठवण नव्हती का? होती. पण बुधवारच्या जेवणानंतर चर्चच्या स्वयंपाकघरात युफेमिया भांडी पुसत होती, उभं राहवत नसताना, आणि तुटक्या इंग्रजीत म्हणाली होती, "मिस मोझेल, यादीत मी? सगळे असतात. मी नाही." मोझेलला इतकी लाज वाटली होती की तिथेच तिने कागदी रुमालावर पेन्सिलीने टिपून घेतलं. सहा वर्षं ही बाई त्यांच्यात बसत होती, गात होती, आणि यादीत तिचं नाव एकदाही आलं नव्हतं. शुक्रवारी बोटं नेहमीच्या सवयीने चालली. आजार, दवाखाना, वार, वेळ, चालक. बोटांना सभेतला ठराव कुठे ठाऊक होता?

पलीकडच्या बाकावर लेमार बेटिस मागचं पान वाचत होता. वाचून झाल्यावर त्याने पत्रकाची नीट चौघडी केली आणि खिशात ठेवली. मग सगळ्यांनी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. मोझेलने आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थनेत डोळे उघडे ठेवले.

सोमवारभर हॉइट प्रती गोळा करत गावभर फिरला. संध्याकाळपर्यंत अकरा परत मिळाल्या. कोणी फ्रिजला चिकटवली होती, कोणी बायबलमध्ये ठेवली होती, दोघींनी तर त्याला पीचचा कॉब्लर खायला बसवून पत्रक द्यायचं टाळलं. संध्याकाळी ब्रदर रेनफ्रोंच्या घरी सात-आठ जण जमले. एक जण म्हणाला, आठवडाभर व्हॅन बंद ठेवू, वातावरण निवळू दे. पण डायलिसिसच्या नर्सने मागेच बजावलं होतं, की एक खेप चुकली तर बाईच्या फुप्फुसात पाणी भरेल, दुसरी चुकली तर आणायची गरज उरणार नाही. शनिवारची झाली होती. मंगळवारची टाळून चालणार नव्हती. ब्रदर रेनफ्रोंनी शांतपणे सांगितलं, की या कायद्याचं सगळं वजन 'जाणूनबुजून' या शब्दावर आहे, आणि आपण जाणूनबुजून करतो याचा पुरावा आपणच नव्वद प्रतींत छापून दिलाय. ते मोझेलकडे बघत नव्हते, पण तिला बघितल्यासारखंच लागलं.

गाडी मी चालवणार, असं ब्रदर रेनफ्रो म्हणाले. हॉइट म्हणाला, माझं नाव छापलंय, मीच चालवणार. मोझेलने टेबलावरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

"हात माझा होता," ती म्हणाली. "स्टिअरिंगवरही माझाच राहील."

हॉइटने तिच्याकडे पाहिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात हा सूर त्याने दोन-तीनदाच ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी हात टेकले होते.

मंगळवारी साडेपाचला उजाडायचं होतं अजून. चर्चच्या अंगणात व्हॅनशेजारी युफेमिया ब्लँकेट पांघरून उभी होती, चेहरा सुजलेला, पाऊल बुटात मावत नव्हतं म्हणून सपाता घातलेल्या. मोझेल तिला वर चढायला हात देणार, तेवढ्यात अंगणात दिवे वळले. मोझेलला वाटलं, संपलं. पण गाडी शेरीफची नव्हती. इनेझ बेटिसची करडी ब्यूइक होती, आणि स्टिअरिंगमागे, गादीवर गादी ठेवून बसलेली, स्वतः इनेझ.

ती खाली उतरली नाही. काच खाली करून म्हणाली, "काल लेमार जेवायला आला होता. सहा वाजता गॅड्सडेनच्या रस्त्यावरच्या पुलावर थांबणार आहे. शेरीफचा हुकूम आहे. तिला माझ्या गाडीत बसव."

मोझेलने आठवण करून दिली, की सभेत तुझा हात दुसऱ्या बाजूला होता.

"आजही तिकडेच करेन," इनेझ म्हणाली. "पण रविवारी यादी झाल्यावर सगळ्यांबरोबर मीही डोळे मिटले. तिचं नाव घेतलं. काल झोपताना परत घेतलं. आता देवाला काय सांगू, तू तिला सांभाळ, रस्त्यात माझा लेक बघून घेईल? बसव तिला. मी जुन्या गिरणीच्या रस्त्याने जाते. आणि तू व्हॅन सहालाच काढ, छापलंय तशी."

मोझेलने युफेमियाला मागच्या सीटवर निजवलं, ब्लँकेट नीट केलं. ब्यूइकचे तांबडे दिवे झाडीत दिसेनासे झाले. लांबच्या वाटेने पोचायला साडेसहा तरी होणार होते, आणि इनेझला अंधारात नीट दिसत नाही हे साऱ्या मंडळीला ठाऊक होतं. ते यादीत छापून झालं होतं, मे महिन्यात.

सहाला मोझेलने रिकामी पंधरा सीटची व्हॅन बाहेर काढली. सव्वासहाला पुलाच्या तोंडाशी निळे दिवे लागले.

लेमार हळूहळू चालत आला. त्याने टोपी काढली नाही, पण "गुड मॉर्निंग, मिस मोझेल" म्हणाला. मग सरकता दरवाजा उघडून आत टॉर्च फिरवला. सीटांवर दोन गीतपुस्तकं आणि कोणाचा तरी विसरलेला स्वेटर होता.

त्याने लायसन्स मागितलं. मोझेलने पर्स मांडीवर घेतली. मेथडिस्ट बाईच्या पर्समध्ये काय नसतं? तिने एकेक वस्तू बाहेर काढून शेजारच्या सीटवर मांडली. चष्मा, दुसरा चष्मा, गोळ्यांची डबी, नातवंडांचे फोटो, पाउंड केकची कृती, एका अंत्यविधीचा कार्यक्रम. फोटोतल्या प्रत्येक नातवाची इयत्ता सांगितली. आठ मिनिटं गेली. लायसन्स पहिल्यापासून बाहेरच्या कप्प्यात होतं, आणि लेमारला ते दिसत होतं, हेही तिला कळत होतं. त्याने टॉर्च विझवला आणि थांबून राहिला. ऊन पडायच्या आधीचा पांढुरका उजेड पुलावर आला.

शेवटी त्याने विचारलं, "ती कुठंय?"

मोझेल गप्प राहिली.

"मिस मोझेल, दहा आज्ञा माझ्याकडून तुम्हीच पाठ करून घेतल्यात. खोटं नका बोलू."

"मी कुठे खोटं बोलते? मी गप्प बसलेय."

तो दोन्ही हात दरवाजावर टेकून वाकला. त्याचा आवाज खाली आला. शेरीफच्या टेबलावर काल तीन पत्रकं आली, म्हणाला, तीन वेगवेगळ्या पाकिटांतून, कोणाचंच नाव नाही. माझ्या खिशातलं खिशातच होतं. आपल्यातल्याच तिघांनी पाठवलीत.

हे मोझेलला चाबकासारखं लागलं. तिने मनात चेहरे फिरवून पाहिले आणि मग स्वतःलाच थांबवलं, कारण ज्याच्यावर मन जाऊन बसलं असतं त्याच्या शेजारी तिला रविवारी बसायचं होतं.

"मला कोणाला तरी घेऊन जावंच लागेल," लेमार म्हणाला. "तुम्ही सांगितलं नाहीत तर मी इथून शेतावरच्या राहत्या ट्रेलरांकडे जाणार. अकरा कुटुंबं आहेत तिथे. दारं ठोठावून विचारत बसेन. मग मला एकटी तीच सापडणार नाही, हे तुम्हालाही माहितीय."

मोझेलने घड्याळ पाहिलं. सहा पस्तीस. इनेझ पोचली असेल का? पोचली असेल तर सुई लागायला दहा मिनिटं. रस्ता चुकली असेल तर? अकरा दारांमागची पोरंबाळं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांतल्या निम्म्यांना तिने रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, लेमारला शिकवलं होतं तसंच. तिला लेमारचा मनापासून राग आला होता, आणि त्याची दयाही, आणि दोन्ही एकदम कशी येऊ शकतात हे तिला कळत नव्हतं.

"ती गॅड्सडेनला पोचली असेल," ती म्हणाली. "तुझ्या आईच्या गाडीतून."

लेमार सरळ झाला. मग आपल्या गाडीत बसला आणि गाडी गॅड्सडेनच्या दिशेने भरधाव सुटली. मोझेलने सगळ्या वस्तू पर्समध्ये कोंबल्या आणि त्याच्यामागे व्हॅन पळवली, म्हणजे त्या व्हॅनला जेवढं पळता येत होतं तेवढी.

डायलिसिस सेंटरच्या प्रतीक्षागृहात इनेझ पर्स मांडीवर घेऊन ताठ बसली होती. ब्यूइक बाहेर दोन जागा अडवून तिरकी उभी होती. युफेमिया आत होती, मशीन चालू झालं होतं, आणि चार तास ते कोणाच्याही हुकमाने बंद होणार नव्हतं. लेमार आईसमोर वही काढून उभा होता. पेनाचं टोपण त्याने अजून काढलं नव्हतं.

"आई," तो एकेक शब्द जपून टाकत होता, "तिने वाटेत हात केला, तू लिफ्ट दिलीस. कागदांबिगदांचं तुला काही ठाऊक नव्हतं. बरोबर?"

"मला सगळं ठाऊक होतं."

"नीट विचार करून बोल."

"यादी तू वाचलीस, तशी मीही वाचली. जाणूनबुजूनच आणलं तिला. तसंच लिही."

मोझेल मध्ये पडली. ही सगळी माझी करणी आहे, मी छापलं, मलाच घेऊन जा, असं तिने सांगितलं. लेमारने मान हलवली. "तुमच्या व्हॅनमध्ये कोणी नव्हतं, मिस मोझेल. रिकामी व्हॅन चालवणं अजून तरी गुन्हा नाही."

आतून नर्स आली. तुमचा गणवेश बघून आतल्या पेशंटांचा रक्तदाब चढायला लागलाय, एक तर बसा नाहीतर बाहेर थांबा, असं तिने डेप्युटीला ठणकावलं. तो बसला, आईपासून एक खुर्ची सोडून, टोपी गुडघ्यावर ठेवून. वही उघडीच होती, कोरी.

चार तास म्हणजे किती असतात ते मोझेलला त्या दिवशी समजलं. दहाच्या सुमारास लेमारचा फोन वाजला. नंबर बघून तो बाहेरच्या पायरीवर गेला. काचेतून त्याचे ओठ हलताना दिसत होते. पलीकडे शेरीफ आहे हे दोघींनाही कळत होतं, पण हा काय सांगतोय ते कळत नव्हतं. इनेझने पर्सचा पट्टा हाताला गुंडाळून घट्ट धरला होता. मोझेलने पाहिलं, तर इनेझ तिच्याएवढीच घाबरली होती. पोटच्या पोराला ती घाबरली होती, आणि त्याहून जास्त त्याच्यासाठी. लेमार परत आला, बसला, आणि काय बोललो ते सांगितलं नाही.

अकराला दार उघडलं. युफेमिया भिंतीला धरून बाहेर आली. तिला समोर आधी खाकी गणवेश दिसला. ती थबकली, चेहऱ्यावरचं उरलंसुरलं रक्त उतरलं, आणि गुडघे वाकले. इनेझ उठायला धडपडली, मोझेल खुर्चीत पाय अडकून अडखळली. दोघींच्या आधी लेमार पोचला. त्याने तिला काखेत हात घालून सावरलं, तिचं गळलेलं ब्लँकेट दुसऱ्या हाताने उचललं आणि तसंच तिला धरून सावकाश बाहेर नेलं, आपल्या आईला चर्चच्या पायऱ्या उतरवायचा तसं. ब्यूइकचं मागचं दार उघडलं. तिला आत बसवलं. सपातेतला पाय उचलून आत घेतला.

दार लावल्यावर त्याचा हात हँडलवरच राहिला. आपण काय केलं ते त्याला तेव्हा कळलं असावं, कारण त्याने आजूबाजूला पाहिलं. बाहेर मोझेल आणि इनेझशिवाय कोणी नव्हतं. दोघी गप्प उभ्या राहिल्या, आणि असं गप्प राहणं त्या दोघींना आयुष्यात फार थोड्या वेळा जमलं होतं.

"शेरीफला सांगितलंय की व्हॅन रिकामी होती," लेमार म्हणाला. "त्याने जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. पुन्हा नाही सांगता येणार." मग त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली. "गुरुवारी पुलावर मी नाहीये. बेअर्डन आहे. तो आपल्या चर्चचा नाही. आणि गिरणीच्या रस्त्यावरही आता माणूस बसेल."

इनेझने मुलाच्या गालाला हात लावायला हात उचलला, पण तो मागे सरकला आणि आपल्या गाडीकडे निघून गेला. त्याच्या पाठीकडे बघताना मोझेलच्या मनात आलं, की या पोराने आज जे केलं त्याची किंमत तो कधी आणि कशी मोजणार आहे, ते त्यालाही ठाऊक नाही.

मागच्या सीटवर युफेमिया डोळे मिटून पडली होती. बाहेरचं इंग्रजी बोलणं तिला सगळं समजलं नसावं, पण एक वार तिला समजला होता.

"मिस मोझेल," तिने डोळे न उघडता विचारलं, "गुरुवारी येणार ना?"

इनेझ किल्ली हातात घेऊन मोझेलकडे बघत होती. मोझेलने उघड्या काचेतून हात आत घालून युफेमियाचा थंडगार हात धरला. भीतीने तिचा स्वतःचा हात त्याहून फारसा गरम नव्हता.

"हो," ती म्हणाली. "गुरुवारी, साडेपाचला."

कोणाच्या गाडीतून आणि कुठल्या रस्त्याने, ते तिला अजून माहीत नव्हतं.